काचेच्या भांड्यातले दोन सोनमासे

मुलांच्या हट्टापायी घरात फिशटँक येतो. त्याच संध्याकाळी आठ-दहा रंगीत मासे त्यात सोडले जातात आणि पंधरा दिवसांत त्यातले निम्मे उलटे होऊन तरंगू लागतात. पाणी तर स्वच्छ दिसत असते, मग मासे का मरतात? याचे उत्तर लंडनच्या एका बापलेकांच्या कामात सापडते.

रॉबर्ट वॉरिंग्टन यांचा जन्म १८०७ मध्ये इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. एका रसायनतज्ज्ञाकडे उमेदवारी, मग लंडनच्या विद्यापीठात सहायक, त्यानंतर बिअरच्या मोठ्या कारखान्यात नोकरी असा त्यांचा प्रवास. १८४१ मध्ये केमिकल सोसायटीच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १८४२ पासून ते अपॉथेकरीज हॉल या औषधे बनवणाऱ्या जुन्या संस्थेत रसायनज्ञ होते आणि कुटुंबासह तिथेच राहत. विक्रीच्या हिरव्या चहाला वरून रंग चढवला जातो, हेही त्यांनी तपासून दाखवले.

१८४९ मध्ये लंडनमध्ये कॉलराने हजारो माणसे दगावली. हा आजार दूषित पाण्यातून पसरतो, असे जॉन स्नो यांनी त्याच वर्षी मांडले. वॉरिंग्टन यांचा पाण्याचा प्रयोगही त्याच वर्षीचा. सुमारे ५० लिटरचे काचेचे भांडे त्यांनी निम्मे भरले, तळाशी वाळू आणि माती घातली, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि फक्त दोन लहान सोनमासे सोडले. वनस्पती प्रकाशात ऑक्सिजन देतात, तो माशांना पुरेल, असा त्यांचा हिशेब होता.

काही काळ सारे ठीक चालले. मग पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर शेवाळ चढले. वॉरिंग्टन यांनी पाच-सहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ फस्त केले आणि त्यांची अंडी माशांना खाद्य झाली. पाणी न बदलता हा संसार महिनोन् महिने चालला. १८५० मध्ये त्यांनी हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे मांडले. तीन वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले आणि घरोघरी काचपेट्यांचे वेड पसरले.

पण या हिशेबातला एक महत्त्वाचा भिडू डोळ्यांना दिसणारा नव्हता. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. आपल्या शरीरात यकृत अमोनियाचे युरिया करते. यकृत निकामी झालेला रुग्ण आमच्या वॉर्डात गुंगीत येतो, त्यात या अमोनियाचा मोठा हात असतो. टँकमध्ये यकृताचे काम करतात जिवाणू. वॉरिंग्टन १८६७ मध्ये वारले. त्याच अपॉथेकरीज हॉलमध्ये वाढलेला त्यांचा मुलगा, त्याचेही नाव रॉबर्टच, पुढे रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीवर काम करू लागला. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होते, आणि हे दोन टप्पे दोन वेगळे सूक्ष्मजीव पार पाडतात, हे त्याने दाखवले. टँकच्या वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजवर हेच घडते.

नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतात. म्हणून नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी दिवसभर उघडे ठेवा, मग टँक भरा, वनस्पती लावा, फिल्टर सुरू करा आणि चार ते सहा आठवडे थांबा. या काळात रोज चिमूटभर खाद्य टाकले की जिवाणूंना अमोनिया मिळतो. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले की तीन-चार गप्पी किंवा प्लॅटी आणा, बाकीचे नंतर. सोनमाशांना थंड पाणी आणि भरपूर जागा लागते, त्यांना वेगळेच ठेवा. फायटरला गप्पींसोबत ठेवू नका. आठवड्याला पाव भाग पाणी बदला. स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या. नाहीतर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

वॉरिंग्टन यांनी २५ लिटर पाण्यात दोनच मासे ठेवले होते. दुकानात पिशवी भरून घेताना एवढे प्रमाण आठवले तरी पुष्कळ मासे वाचतील.