१० सेंटचा हॉटडॉग त्यानं ५ सेंटला विकला, तर लोकांना त्याच्या मांसावरच संशय आला

न्यूयॉर्कमध्ये दुपारी कामावरून बाहेर पडलेल्या माणसाचे दोन प्रॉब्लेम असतात. हातात वेळ कमी असतो आणि हॉटेलात बसून जेवायचं म्हणलं तर खिशाला परवडत नाही. मग तो कोपऱ्यावरच्या गाडीवर जातो आणि एक हॉटडॉग घेतो. लांबट पाव, त्यात गरम सॉसेज, वरून मोहरीचा सॉस. उभ्या उभ्या खायचा, हात पुसायचे आणि परत कामाला लागायचं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, सॉसेज म्हणजे बारीक केलेलं मसालेदार मांस पातळ आवरणात भरून केलेली नळी. आज हॉटडॉग म्हणजे न्यूयॉर्क असं समीकरण झालंय. पण शंभर वर्षांपूर्वी स्वस्तातला हॉटडॉग खायला लोक घाबरायचे. ती भीती घालवून त्यावर धंदा उभा करणाऱ्या माणसाचं नाव होतं नॅथन हँडवर्कर.

१३ भावंडांचं घर आणि बेकरीतलं काम

नॅथनचा जन्म १८९२ चा. गाव गॅलिशिया प्रांतातलं. तेव्हा हा प्रांत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज तो भाग पोलंडमध्ये येतो. घर ज्यू होतं आणि गरिबी अशी की विचारू नका. वडील बूट शिवायचे आणि घरात १३ भावंडं. बापाच्या कमाईत एवढी तोंडं भरणं अवघड होतं. त्यामुळे नॅथनच्या नशिबात शाळा फारशी आलीच नाही, लहान वयातच तो बेकरीत कामाला लागला.

त्या काळात पूर्व युरोपातले लाखो ज्यू अमेरिकेची वाट धरत होते. १९१२ मध्ये विशीतला नॅथनही न्यूयॉर्कला उतरला. भाषा येत नव्हती, शिक्षण नव्हतं. अशा पोराला जी कामं मिळतात तीच त्याला मिळाली. भांडी घासायची, माल पोचवायचा, पडेल ते करायचं.

यातलं एक काम मॅनहॅटनच्या दक्षिण भागातल्या बिझी बी नावाच्या खाणावळीतलं होतं. हा सगळा भाग ऑफिसांचा. दुपारी कारकून, हमाल, निरोपे यांची झुंबड उडायची. प्रत्येकाला चार-दोन सेंटमध्ये पोट भरायचं असायचं आणि तेही काही मिनिटांत. गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं तर ते दुसरीकडे जातं आणि एक सेंट जास्त लावला तरीही जातं, हा धडा नॅथनला पुस्तकाशिवाय इथे मिळाला.

फेल्टमनचं साम्राज्य

शनिवार-रविवारी नॅथन आणखी एक काम करायचा, ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला असलेल्या कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर. उन्हाळ्यात न्यूयॉर्ककर गर्दी करायचे ते इथेच. किनारा, पाळणे, जत्रेसारखी रोषणाई, लुना पार्क आणि स्टीपलचेससारखी मोठी मनोरंजन पार्क, असा सगळा माहोल.

खाण्याच्या धंद्यात मात्र इथे एकच नाव चालायचं, फेल्टमन. चार्ल्स फेल्टमन हा जर्मनीतून आलेला माणूस. आधी गाडीवर पाय विकायचा, म्हणजे सारण भरलेली भाजलेली पेस्ट्री. १८६७ च्या सुमारास त्यानं पावात सॉसेज घालून विकायला सुरुवात केली असं मानलं जातं. त्याला बशी लागायची नाही, काटा-सुरी लागायची नाही. कल्पना इतकी चालली की गाडीचं पुढे अवाढव्य रेस्टॉरंट झालं. १९१० मध्ये फेल्टमन वारला आणि धंदा पोरांकडे गेला.

या रेस्टॉरंटमध्ये नॅथन पाव कापायचा आणि सॉसेज नेऊन द्यायचा. तिथे हॉटडॉगचा भाव होता १० सेंट.

आता इथे एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एडी कँटर आणि जिमी ड्युरँटी हे दोघं तेव्हा कोनी आयलंडला गाऊन पोट भरायचे, पुढे ते अमेरिकेतले मोठे कलाकार झाले. १० सेंट परवडत नाहीत म्हणून त्यांनीच नॅथनला स्वतःचं दुकान टाकायचा सल्ला दिला म्हणे. नॅथन पैसे वाचवण्यासाठी हॉटडॉगवरच दिवस काढायचा आणि स्वयंपाकघरात जमिनीवर झोपायचा, असंही सांगतात. यात खरं किती आणि नंतर चढलेलं मीठ-मसाला किती, हे आता वेगळं काढणं अवघड आहे.

पक्कं इतकंच की १९१६ मध्ये साठवलेल्या ३०० डॉलरच्या जोरावर नॅथननं सर्फ ॲव्हेन्यू आणि स्टिलवेल ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर एक छोटा ठेला टाकला. जुन्या मालकाच्या हाकेच्या अंतरावर, जुन्या मालकाच्याच मालाशी स्पर्धा करत. आणि भाव लावला ५ सेंट.

स्वस्त आहे म्हणजे काहीतरी गडबड आहे

अर्ध्या किमतीत तेच खाणं मिळतंय म्हणल्यावर गर्दी तुटून पडायला पाहिजे होती. झालं उलटंच. लोकांना संशय आला.

आणि या संशयाला कारणही होतं. सॉसेजच्या आत नेमकं काय भरलंय हे बाहेरून कळत नाही. त्यात कुत्र्याचं मांस असतं अशी चेष्टा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली होती, हॉटडॉग हे नावच त्या चेष्टेतून आलं असं अभ्यासक मानतात. त्यात १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरची द जंगल ही कादंबरी आली. शिकागोच्या मांस कारखान्यांमध्ये काय घाण चालते ते तिच्यातून लोकांसमोर आलं आणि देशभर इतका गदारोळ झाला की त्याच वर्षी मांसाच्या तपासणीचा कायदा करावा लागला.

याला जेमतेम दहा वर्षं झाली होती. अशा वेळी कोणीतरी नवखा माणूस अर्ध्या भावात सॉसेज विकतोय म्हणल्यावर घोड्याचं मांस असणार, अशा अफवा उठायला वेळ लागला नाही.

गरीब गिऱ्हाइकाचं हेच दुखणं असतं. त्याला स्वस्त हवं असतं, पण आपल्याला स्वस्तात काहीतरी टाकाऊ दिलं जातंय ही भीतीही त्यालाच असते. फेल्टमनकडे १० सेंट देणारा माणूस निम्मे पैसे टेबलखुर्चीचे देत होता आणि निम्मे विश्वासाचे. नॅथनकडे टेबलखुर्ची नव्हती. विश्वास कमवायचा बाकी होता.

मग त्यानं एक शक्कल लढवली. जवळच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर लोकांना फुकट हॉटडॉग देऊ केले. अट एकच, पांढरा कोट घालून यायचं आणि ठेल्यासमोर उभं राहून खायचं. काही जण सांगतात की ते खरे डॉक्टर नव्हतेच, साध्या माणसांना कोट चढवून उभं केलं होतं. काहीही असो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचं ते एवढंच की डॉक्टर हे खातायत. डॉक्टर खातोय म्हणल्यावर आपल्याला काय होतंय, असा हिशोब लोकांनी केला आणि रांग लागायला लागली.

जाहिरात म्हणून ही युक्ती भारी होती. पण पांढरा कोट गिऱ्हाइकाला एकदाच आणतो, दुसऱ्यांदा आणते ती चव. नॅथन सॉसेजमध्ये निव्वळ बीफ वापरायचा आणि मालाच्या बाबतीत महाखडूस होता. मसाल्याची पाककृती बायको आयडाच्या आजीकडून आली असं कंपनी आजही सांगते. १९१८ मध्ये लग्न झाल्यावर आयडाही धंद्यात त्याच्या बरोबरीनं राबली.

एका नाण्यात प्रवास, एका नाण्यात जेवण

५ सेंटमध्ये परवडायचं कसं? बिझी बीमध्ये शिकलेलाच हिशोब. वेटर नाही, खुर्ची नाही, बशी नाही. गिऱ्हाईक काउंटरला येणार, पैसे देणार, हॉटडॉग घेऊन बाजूला होणार. एका हॉटडॉगमागे सुटणारे पैसे किरकोळ, पण काउंटर एक मिनिट रिकामा नाही.

त्यासाठी गर्दी लागते, आणि ती गर्दी रेल्वेनं आणून दिली. १९२० पर्यंत न्यूयॉर्कच्या सबवे गाड्या थेट कोनी आयलंडला यायला लागल्या आणि त्यांचं शेवटचं स्टेशन होतं स्टिलवेल ॲव्हेन्यू. म्हणजे स्टेशनातून बाहेर पडलं की समोर नॅथनचा ठेला. सबवेचं तिकीटही ५ सेंटच होतं, १९०४ ते १९४८ पर्यंत ते बदललंच नाही. ५ सेंटच्या नाण्याला अमेरिकेत निकेल म्हणतात. एक निकेल जायला, एक निकेल यायला आणि एक निकेल पोटाला. १५ सेंटमध्ये कारखान्यातला कामगारही दिवसभर समुद्र बघून परत येऊ शकत होता. कोनी आयलंडला निकेलचं साम्राज्य म्हणायला लागले ते यामुळेच.

१९२३ मध्ये किनाऱ्याला लागून लाकडी फलाटासारखा लांबलचक रस्ता झाला आणि गर्दी आणखी वाढली. ठेल्याचं नाव झालं नॅथन्स फेमस.

मग १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. पुढची काही वर्षं अमेरिकेत बेकारी आणि उपासमारीची होती. या मंदीतही नॅथननं निकेलचा भाव सोडला नाही. ज्यांना बाकी कुठलीच चैन परवडत नव्हती त्यांना ही एक परवडत होती.

१९३९ मध्ये तर कमालच झाली. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ अमेरिकेच्या दौऱ्यावर आले. राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी हाइड पार्कच्या घरी त्यांच्यासाठी सहल ठेवली आणि राजाला चक्क हॉटडॉग खायला घातला. ते हॉटडॉग आपलेच होते असा नॅथन्सचा दावा आहे. दावा बाजूला ठेवला तरी काही दशकांपूर्वी ज्याची कुत्र्याचं मांस म्हणून चेष्टा व्हायची, ते खाणं राजाच्या ताटापर्यंत पोचलं होतं.

बाप काउंटरवर, पोरगा नकाशावर

१९५५ मध्ये कंपनीनं १० कोटीवा हॉटडॉग विकला. त्याच्या आदल्या वर्षी, १९५४ मध्ये, फेल्टमनचं रेस्टॉरंट कायमचं बंद पडलं होतं. हॉटडॉगचा जनक गेला आणि त्याच्याकडे पाव कापणारा नोकर टिकला.

पण आता भांडण घरातच होतं. थोरला मुलगा मरे दुसऱ्या महायुद्धातून परतला होता. त्याला मेनूत नवीन पदार्थ आणायचे होते, नवीन शाखा काढायच्या होत्या. लोक गाड्या घेऊन उपनगरात राहायला चाललेत, कोनी आयलंडची गर्दी कायम राहणार नाही, हे त्याला दिसत होतं. नॅथनचं म्हणणं वेगळं होतं. जे दुकान आपल्या डोळ्यासमोर नाही, तिथल्या मालावर लक्ष कोण ठेवणार? ज्या माणसानं संशय मिटवण्यासाठी आयुष्य घातलं, त्याला ही भीती वाटणं साहजिक होतं.

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. कोनी आयलंडची उतरती कळा खरोखर लागली, १९६४ मध्ये स्टीपलचेस पार्क बंद झालं. मरेनं लाँग आयलंडला आणि नंतर यॉंकर्सला शाखा काढल्या. १९६८ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. धाकटा मुलगा सोल तर त्याआधीच बाहेर पडून मॅनहॅटनमध्ये स्वतःचा खाण्याचा धंदा करायला लागला होता.

१९७२ च्या सुमारास नॅथन्सच्या दारात ४ जुलैची हॉटडॉग खायची स्पर्धा सुरू झाली. प्रचारात सांगितलं गेलं की ही स्पर्धा १९१६ पासून चालत आलीये. खूप वर्षं सगळ्यांनी ते खरं मानलं. पुढे २०१० मध्ये मॉर्टिमर मॅट्झ या प्रसिद्धीचं काम करणाऱ्या माणसानंच कबूल केलं की ती गोष्ट बनवलेली होती.

२४ मार्च १९७४ ला फ्लोरिडात नॅथनचं निधन झालं, तेव्हा तो ८१ वर्षांचा होता. १९८७ मध्ये कंपनी हँडवर्कर कुटुंबाच्या हातून गेली.

सर्फ आणि स्टिलवेलच्या कोपऱ्यावरचं दुकान आजही आहे. तिथे आता ५ सेंटमध्ये काही मिळत नाही. पण स्टेशनातून बाहेर पडून, पाच मिनिटांत, उभ्या उभ्या खाऊन पुढे जाणारा माणूस तोच आहे. डॉक्टरच्या कोटाची गोष्ट थोडी खरी असेल, थोडी रंगवलेली असेल. खिशात एकच नाणं असलेल्या माणसालाही आपण काय खातोय याची खात्री हवी असते, हे नॅथनला कळलं होतं. त्याचं दुकान टिकलं ते त्यामुळेच.