देहूची वाट : संत बहिणाबाईचे चरित्र

बहिणाबाई म्हटले की आपल्या मंडळातल्या तरुण मुलींना शाळेच्या पुस्तकातल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्या १९५१ साली वारल्या. मी जिच्याविषयी लिहिते आहे ती बहिणाबाई त्यांच्याआधी अडीचशे वर्षे होऊन गेली. ती तुकाराममहाराजांची शिष्या. भागवत धर्माचे देऊळ कोणत्या संताने कसे उभारले हे सांगणारा जो अभंग आपण भजनाला म्हणतो, तो तिच्याच नावाचा. जनी, मुक्ता, बहिणा या आपल्या घरच्याच, म्हणून मी तिला अहोजाहो करीत नाही. वडीलधाऱ्यांनी रागावू नये.

तिचा जन्म शके १५५० म्हणजे इ. स. १६२८ चा. गाव देवगाव, वेरूळच्या बाजूचे. वडील आऊदेव कुळकर्णी, आई जानकी. पुष्कळ नवससायासाने झालेली मुलगी. परंतु तेव्हाच्या रीतीप्रमाणे परकर सावरायचे कळेना अशा वयात तिचे लग्न लावून दिले. नवरा शिऊरच्या पाठकांपैकी, तिशीतला बिजवर, वेदविद्या शिकलेला आणि स्वभावाने तापट. पोरीला लग्न म्हणजे काय हेही ठाऊक नसणार.

ती नऊ वर्षांची असताना घरावर आकाश कोसळले. भाऊबंदकी आणि कर्ज. हे दोन शब्द लिहिले की खेड्यातल्या बाईला पुढचे सांगावे लागत नाही. आईवडील, जावई आणि ही मुलगी, सारे गाव सोडून निघाले. गोदावरीच्या काठाकाठाने, भिक्षा मागत. कालपर्यंत कुळकर्ण्यांच्या वाड्यात सुपाने धान्य वाढणारी जानकी आता दुसऱ्याच्या दारात झोळी धरून उभी राहिली, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. कोठे जायचे हे ठरलेले नव्हते. एक मुक्काम संपला की दुसरा शोधायचा. पंढरपूरला गेले, विठोबाचे पाय पाहिले. तेथून शिखर शिंगणापूरच्या महादेवाला आले आणि मग रहिमतपुरास.

रहिमतपूर म्हणजे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले. तेथे जरा पाय टेकले. गावचा उपाध्याय काशीयात्रेला गेला होता, त्याचे काम तिच्या नवऱ्याला मिळाले. चूल मांडली, दोन भांडी जमली असतील. तो उपाध्याय यात्रेहून परत आला आणि पुन्हा बोचके बांधले. त्यानंतर ही मंडळी कोल्हापुरास आली. बहिणा तेव्हा अकरा वर्षांची होती. आपण सकाळच्या एस.टी.ने जाऊन अंबाबाईचे दर्शन घेऊन दिवेलागणीला आष्ट्यात परत येतो, तेच कोल्हापूर. भटकणाऱ्या त्या मुलीला मात्र परतायला घर नव्हते.

या मुलीचे एक वेगळेच होते. बाकीच्या मुली सागरगोटे खेळत तेव्हा ही देवाचे नाव घेई. जेथे मुक्काम पडेल तेथे पुराण नाहीतर कीर्तन ऐकायला बसे. उद्याचे काय ही चिंता मोठ्यांना होती. तिला ती नव्हती असे मी म्हणणार नाही, पोराबाळांनाही पोटातले भय असतेच. पण तिने ते भय विठोबाच्या पायाशी ठेवायला लहानपणीच सुरुवात केली होती.

कोल्हापुरात एका भल्या ब्राह्मणाने त्यांना आपल्या घरात जागा दिली. त्याच्याकडे दानात आलेली एक कपिला गाय त्याने बहिणाच्या नवऱ्याला दिली. गाईला वासरू होते. त्या वासराला बहिणाचा असा लळा लागला की तिच्या हातचेच चारापाणी घ्यावे, ती जाईल तेथे मागोमाग जावे. ती पाणी आणायला निघाली की ते मागे, कीर्तनाला निघाली की ते मागे. आपल्या आष्ट्यात घरोघर गोठे, तेव्हा यात नवल वाटायचे कारण नाही. मुक्या जिवाला माया कळते.

त्याच सुमारास जयरामस्वामी कोल्हापुरास आले. खटाव तालुक्यात ज्यांच्या नावाने वडगाव ओळखले जाते तेच हे स्वामी, समर्थांच्या पंचायतनातले. त्यांच्या कीर्तनाला बहिणा वासरासह गेली. गर्दीत वासराला बाहेर काढले तेव्हा ते हंबरू लागले. स्वामींनी ते आत आणवले आणि वासराच्या व बहिणाच्या मस्तकावर हात ठेवला. झाले, गावभर बोलणे सुरू झाले. ते नवऱ्याच्या कानी गेले. त्याने तिला मारले आणि बांधून ठेवले. हे तिने स्वतःच आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. नवऱ्याला शिव्याशाप दिलेले नाहीत आणि झाकलेलेही नाही. गाईवासराने त्या दिवशी चारा तोंडी लावला नाही. तेव्हा कोठे त्याने तिला सोडले.

पुढे थोड्याच दिवसांत ते वासरू मेले. बहिणा शुद्ध हरपून पडली. माहेर गेलेले, सासर नाहीच, नवरा असा आणि एक मायेचा जीव होता तोही गेला. जयरामस्वामींच्या कीर्तनात तिने तुकोबांचे अभंग ऐकले होते, तेच तिच्या मनात घोळत होते. तुकोबांना तिने कधी पाहिले नव्हते. देहू तर कोल्हापुराहून दोनशे किलोमीटरांहून दूर, आणि पायी चालायचे ते दिवस. तिने मनात एकच ध्यास धरला की गुरू भेटावा तर हाच. आणि तुकोबा तिच्या स्वप्नात आले, मस्तकावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला. तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला या एका स्वप्नाचा आधार होता.

कोणी म्हणेल, स्वप्न ते स्वप्न. म्हणोत. पण त्या स्वप्नानंतर तिचे सुख वाढले नाही, हाल वाढले, हे ध्यानात घ्यावे. ब्राह्मणाच्या बायकोने वाण्याचा व्यवसाय करणाऱ्या कुणब्याला गुरू मानले म्हणून नवरा जास्तच चिडला. तिला सोडून तीर्थयात्रेला निघून जायचे त्याने ठरविले. तिला तेव्हा दिवस गेलेले होते.

आता या बाईने काय करावे? तुकोबांना सोडवेना, नवऱ्याला सोडवेना. तिने घरातून पळ काढला नाही आणि नामही सोडले नाही. विठोबाने दाखविले ते खरे असेल तर पुढचेही तोच पाहील, असे म्हणून ती थांबली. आजच्या मुलींना हे थांबणे पटणार नाही. तिने पतिव्रतेच्या धर्मावर अभंग लिहिले आहेत, ते वाचताना मलाही कधी कधी घास अडकतो. मार खाऊन गप्प बसावे असे मी माझ्या लेकीला सांगणार नाही. पण साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईपुढे कोणते दार उघडे होते हेही पाहिले पाहिजे. आपले मन मात्र तिने कोणाच्या हाती दिले नाही. अंगावर वळ होते तरी ओठी नाव तुकोबांचेच राहिले.

नवरा निघायच्या बेतात होता तोच तापाने अंथरुणाला खिळला. महिनाभर औषध चालेना. बहिणा रात्रंदिवस उशाशी बसून होती. पडल्या पडल्या त्याला पश्चात्ताप झाला. आपण संताची निंदा केली त्याचेच हे फळ, असे त्याच्या मनाने घेतले. आणि उठल्यावर त्यानेच देहूला जायचे काढले! जी वाट तिने मागितली तरी मिळाली नसती, ती त्याच्या तोंडून निघाली. सारी मंडळी देहूला गेली. स्वप्नात पाहिलेले तुकोबा इंद्रायणीच्या काठी तिने डोळ्यांनी पाहिले. नवऱ्यानेही नमस्कार केला.

देहूतही सारे सुरळीत नव्हते. तुकोबांचा द्वेष करणारे मंबाजी गोसावी तेथे होते. त्यांनी या कुटुंबाला फार छळले, गाईलाही मारले. आता नवरा तिच्या बाजूला होता, तेव्हा छळाचे ओझे दोघांत वाटले गेले. तेथेच मुलगी झाली, तिचे नाव काशी. १६५० साली तुकोबा गेले. ज्यांच्यासाठी एवढी वाट तुडविली त्यांचा सहवास थोडाच लाभला.

पुढे ती शिऊरला सासरच्या गावी राहिली. विठोबा नावाचा मुलगा झाला. संसार केला आणि अभंग रचले. खरा ब्राह्मण कोणाला म्हणावे यावर तिने सविस्तर लिहिले आहे. जातीने तो ठरत नाही असे तिचे म्हणणे. ज्या घरात गुरूच्या जातीवरून तिने मार खाल्ला, त्याच घरातल्या बाईने हे लिहावे! माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तिच्या वेदान्ताच्या अभंगांतले पुष्कळसे मला समजत नाही. ब्राह्मणावरचे अभंग मात्र सरळ समजतात, आणि आत्मनिवेदन तर शेजारीण ओट्यावर बसून सांगते आहे असे वाटते. मंडळाने ते एकदा आणून वाचावे अशी माझी विनंती आहे.

१७०० साली, बहात्तराव्या वर्षी, तिला आपला शेवट जवळ आल्याचे कळले. मुलगा विठोबा बाहेरगावी होता, त्याची बायको वारली होती आणि तो तिच्या क्रियाकर्मात गुंतला होता. बहिणाबाईने त्याला पत्र पाठवून बोलावून घेतले. तो आल्यावर त्याला जवळ बसवून तिने आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिकत सांगितली आणि हा तेरावा शेवटचा, असे सांगून त्याला रडू नको म्हणाली. आश्विन शुद्ध प्रतिपदेला ती गेली. तिची समाधी वैजापूर तालुक्यात शिऊरला आहे.