अंधाऱ्या सागरातील दिवे

विल्यम बीब यांचा जन्म १८७७ साली अमेरिकेतील ब्रुकलिन येथे झाला. लहानपणापासून त्यांना पाखरांचा नाद. तरुणपणीच ते न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात पक्षिविभाग सांभाळू लागले. पण पुढे त्यांचे मन आकाशातून उतरले ते थेट सागरात.

बर्म्यूडा बेटांजवळ ते खोल पाण्यात जाळी सोडीत. वर येणाऱ्या माशांच्या अंगावर प्रकाश देणाऱ्या बारीक ग्रंथींच्या रांगा दिसत. परंतु मासे बहुधा मेलेले आणि त्यांचे दिवे मालवलेले असत. विझलेल्या पणत्या पाहून दिवाळी कशी कळावी? तेव्हा आपणच खाली उतरायचे, असे बीब यांनी ठरविले.

ऑटिस बार्टन या तरुणाने स्वखर्चाने एक पोलादी गोल घडवून दिला. आतला व्यास पाच फुटांहूनही कमी. दोघांनी अंग चोरून बसायचे. जवळ प्राणवायूची नळकांडी, बोलण्यास दूरध्वनी, आणि सारा भार एका पोलादी दोरावर! १९३२ साली चाचणीसाठी रिकामा सोडलेला गोल पाण्याने भरून वर आला. झाकणाचा जाड बोल्ट सैल करताच तो तोफगोळ्यासारखा सुटला. आत माणसे असती, तर ती वाचती ना. तरीही बीब पुन्हा त्या गोलात बसले.

१५ ऑगस्ट १९३४ रोजी बीब व बार्टन ३,०२८ फूट खोल पोहोचले. डोळ्यांना दिसेल असा सूर्यप्रकाश तेथे उरला नव्हता, पण खिडकीबाहेर ठिणग्या खेळत होत्या. मध्येच काचेजवळ उजेडाचा लोळ उठे. एकदा बीब यांनी नेमके पाहिले : ती एक कोळंबी होती! चकाकणारा द्रव शत्रूच्या तोंडावर टाकून ती निसटत असे. कोणी मासा दिवा दाखवून भक्ष्याला भुलवितो, तर कोणी जोडीदाराला खूण पटवितो.

हा प्रकाश थंड असतो. प्राण्याच्या अंगातील ल्युसिफेरिन या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो. ल्युसिफेरेज नावाचे विकर त्याला वेग देते. फ्रान्सचे द्युब्वा यांनी ही जोडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओळखली होती. काही मासे मात्र स्वतः प्रकाश निर्माण करीत नाहीत. ते प्रकाशमान जीवाणू अंगी बाळगतात.

बीब यांनी खालून सांगावे आणि जहाजावर ग्लोरिया हॉलिस्टर यांनी ते टिपून घ्यावे, असा क्रम असे. हातात मासा नव्हता. होता तो केवळ डोळ्यांचा पुरावा. त्यांनी वर्णिलेले काही मासे पुढे कोणालाच सापडले नाहीत, म्हणून काही शास्त्रज्ञांनी शंका घेतली. १९६२ साली त्रिनिदाद येथे बीब निवर्तले. ते मासे आजही सापडलेले नाहीत.