किर्लोस्करवाडीचा कोकणाला धडा

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या औद्योगिक मागासलेपणाची चर्चा जमीन, वीज आणि कर्ज यांपाशीच थांबते. कारखान्याच्या शेजारी इतर कोणते धंदे आहेत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस गेले. रंगांधळेपणामुळे ती वाट बंद झाली, तेव्हा व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्रांचे रेखाटन शिकवू लागले. हक्काची बढती नाकारली जाताच त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात बंधूंसमवेत त्यांनी सायकलींचे दुकान चालविले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनविले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे प्रारंभी शेतकरी नांगर घेईनात.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ देऊ केला. १९१० साली निवडुंगाच्या त्या रानात किर्लोस्करवाडी वसली. तेथे ना ओतारी होता, ना कातारी, ना सुट्या भागांची बाजारपेठ. ओतशाळेपासून कामगारांच्या घरांपर्यंत सारे कारखान्यालाच उभारावे लागले. पहिल्या महायुद्धात परदेशी मालाची आवक आटली, तेव्हा हे एकाकीपण अधिकच जाणवले. तरीही नांगरामागून उसाचे चरक आणि पंप आले. एकाच कारखान्याच्या कुंपणात अनेक धंदे नांदू लागले.

पुढचा विस्तार मात्र माळाबाहेर झाला. यंत्रहत्यारांचा कारखाना १९४१ मध्ये हरिहरला, तर १९४६ मध्ये तेल-इंजिनांचा पुण्यात व विजेच्या मोटारींचा बंगळूरला निघाला. या निवडींना इतरही कारणे होती. परंतु नाना तऱ्हेचे कारागीर आणि पुरवठादार पुण्या-बंगळूरात आधीच होते, हे विसरून चालणार नाही. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले.

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मासळी आहे, काजू आहे. सावंतवाडीत लाकडी खेळण्यांची कारागिरी आहे. परंतु काजूचे यंत्र बिघडले किंवा होडीचे इंजिन बंद पडले, तर दुरुस्तीची आणि सुट्या भागांची सोय हाताशी हवी. कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत भूखंड वाटल्याने ती आपोआप होत नाही. सारेच धंदे एकट्याने उभारणारे लक्ष्मणराव विरळाच. सामान्य उद्योजकाला शेजार लागतो, आणि तो निर्माण करणे हे धोरणाचे काम आहे.