पिंपं बनवणारा गुप्तहेर : ॲलन पिंकर्टन

गुप्तहेर म्हटलं की आपल्याला बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आठवतो, नाहीतर शेरलॉक होम्स. दोघंही कागदावरचे. मी ज्याच्याविषयी लिहितोय तो हाडामांसाचा होता, पैसे घेऊन तपास करायचा आणि खर्चाचा हिशेब द्यायचा. आज गल्लोगल्ली दिसणाऱ्या डिटेक्टिव्ह एजन्सींचं मूळ शोधत गेलं तर त्याच्या दारात जावंच लागतं.

ॲलन पिंकर्टनचा जन्म १८१९ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या गरीब वस्तीत झाला. धंदा लाकडी पिंपं बनवण्याचा. तरुणपणी तो चार्टिस्ट चळवळीत होता. कामगारांना मताचा हक्क मिळावा म्हणून झगडणारी ही मंडळी. १८४२ साली लग्न झालं आणि नवराबायको अमेरिकेला गेले. शिकागोपासून काही अंतरावर डंडी नावाच्या गावात त्यानं पिंपांचा कारखाना काढला. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना तो घरात आसरा द्यायचा. तेव्हाच्या कायद्यानं हा गुन्हा होता, पण त्यानं पर्वा केली नाही.

एकदा लाकूड तोडायला तो फॉक्स नदीतल्या एका बेटावर गेला. तिथं माणसांचा वावर नसायचा, तरी विझलेल्या आगीच्या खुणा दिसल्या. दुसरा कुणी असता तर लाकूड घेऊन घरी आला असता. हा रात्री पुन्हा गेला, दबा धरून बसला आणि खोटी नाणी पाडणारी टोळी शेरीफच्या हाती लागली. तिथून पिंपं मागे पडली. १८५० च्या सुमारास शिकागोत त्यानं स्वतःची एजन्सी सुरू केली. तिच्या चिन्हावर उघडा डोळा होता आणि आपण कधीच झोपत नाही अशी ग्वाही.

मला त्याचे नियम सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. घटस्फोटाची प्रकरणं घ्यायची नाहीत. जूरीतल्या लोकांवर पाळत ठेवायची नाही. बक्षिसावर काम करायचं नाही, ठरलेली फी घ्यायची. यातला शेवटचा नियम नीट बघा. गुन्हेगार सापडला तरच पैसे मिळणार असतील तर कुणाला तरी गुन्हेगार ठरवण्याचा मोह होतोच.

१८५६ साली केट वॉर्न ही तरुण विधवा त्याच्याकडे काम मागायला आली. कारकुनी मागत असेल असं त्याला वाटलं, पण तिला गुप्तहेर व्हायचं होतं. पुरुषांना न उलगडणाऱ्या गोष्टी बाईपाशी बोलल्या जातात, हे तिनं त्याला पटवलं. पुढं १८६१ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरमध्ये लिंकन यांच्या हत्येचा कट असल्याची खबर लागली. केटनं आजारी भावासाठी म्हणून रेल्वेच्या झोपायच्या डब्यात जागा राखली आणि लिंकन रात्रीतून वॉशिंग्टनला सुखरूप पोचले. तो कट खरोखर केवढा होता यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही.

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला छान आहे. पुढची तशी नाही. यादवी युद्धात पिंकर्टननं शत्रूसैन्याचा आकडा फार फुगवून कळवला आणि आधीच बिचकणारा सेनापती मॅक्लेलन आणखी बिचकला. १८७५ साली जेसी जेम्स या दरोडेखोराच्या घरावर रात्री छापा घातला. जेसी तिथं नव्हताच. आत टाकलेल्या पेटत्या वस्तूच्या स्फोटात त्याचा लहान सावत्र भाऊ मेला आणि आईचा हात गेला. पेनसिल्व्हेनियात एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षानं कोळसा खाणीतल्या आयरिश कामगारांची ‘मॉली मॅग्वायर’ ही गुप्त संघटना फोडायचं काम एजन्सीला दिलं. जेम्स मॅकपार्लंड नाव बदलून दोन वर्षांहून जास्त काळ त्यांच्यात राहिला. त्यानंतरच्या खटल्यांत वीस जण फासावर गेले. तोच कंपनी अध्यक्ष खटल्यात सरकारी बाजूनं वकील म्हणून उभा राहिला, हे वाचून मी थांबलोच. तक्रार कंपनीची, हेर कंपनीच्या पैशाचा आणि वकीलही कंपनीचा.

पिंकर्टन १८८४ साली वारला. त्याच्या मुलांच्या काळात, १८९२ साली, होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातल्या संपावर एजन्सीची सुमारे तीनशे माणसं धाडली गेली आणि दोन्हीकडची माणसं मेली. कामगारांच्या हक्कासाठी देश सोडलेल्या माणसाचं नाव अशा रीतीनं संप मोडणाऱ्यांचं नाव झालं. तो दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. पण पैसे देणाऱ्याचा हेतू काय, हे विचारायचं त्यानं हळूहळू सोडून दिलं, असं मला वाटतं.

आपल्याकडंही लग्नाआधीची चौकशी, नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराची पडताळणी, विम्याचे खोटे दावे, हरवलेली माणसं यासाठी लोक खासगी गुप्तहेर नेमतात. त्याला पोलिसांचे अधिकार नसतात. तो कुणाला अटक करू शकत नाही, फोन चोरून ऐकू शकत नाही, कुणाचे कॉल किंवा बँकेचे तपशील चोरून आणू शकत नाही. हे सगळं आणून देतो म्हणणाऱ्यापासून लांबच राहावं, कारण त्यात काम देणाराही अडकतो. काम काय, किती दिवसांचं, फी किती, वरचा खर्च किती, हे आधी कागदावर घ्यावं. निकालावर पैसे ठरवू नयेत. आणि ज्याच्यामागं आपण माणूस लावतोय त्यानं उद्या कारण विचारलं तर ते सांगता येईल का, हे नेमणाऱ्यानं स्वतःलाच विचारावं.