सावित्रीबाई आणि त्यांची विद्यार्थिनी मुक्ता



३ जानेवारी आली की आपल्या शाळेत सावित्रीबाई फुले यांच्या फोटोला हार घालतात आणि मुली भाषणे करतात. त्या भाषणांत शेणाच्या गोळ्यांची गोष्ट हमखास येते. तीही मी सांगणार आहे, पण थोडक्यात. मला जास्त सांगायचे आहे ते त्यांच्या शाळेत शिकलेल्या एका मुलीविषयी. गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी थोर व्यक्तीचे चरित्र लिहून आणायला सांगितले, तेव्हा वर्गात सर्वांत आधी मी बाईंचे नाव घेतले ते त्यासाठीच.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. खंडोजी नेवसे पाटील हे त्यांचे वडील. १८४० साली पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी त्यांचे लग्न झाले. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, म्हणजे आपल्या चौथीतल्या मुलींएवढ्या! सासरी आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जोतीरावांनी त्यांना शिकवले, पुढे त्यांनी शिकवण्याचे रीतसर शिक्षणही घेतले. लग्न झाल्यावर, घरकाम सांभाळून त्यांनी अक्षरे गिरवली. म्हणून पाटीवर चुकणाऱ्या मुलीच्या मनात काय चालते हे त्यांना चांगले कळत असणार, असे मला वाटते.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. त्या वेळी आपल्या कर्जतवरून पुण्याला गाडी जात नव्हती, बोरघाटातली रेल्वे १८६३ ची. पुण्यात जुन्या रीतीरिवाजांचा पगडा फार. मुलगी शिकली की घरावर संकट येते, अशी लोकांची समजूत. बाई शाळेत जायला निघाल्या की लोक शिव्या देत, अंगावर शेण नि चिखल फेकत. त्या एक जादा लुगडे बरोबर नेत, शाळेत गेल्यावर ते नेसून शिकवत. १८४९ मध्ये तर लोकांच्या दबावामुळे सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढले. उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. त्याच घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंबरोबर शिकवू लागल्या.

१८५१ आणि १८५२ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात, रास्ता पेठेत आणि वेताळ पेठेत शाळा निघाल्या. मांग-महार समाजाच्या मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. ज्यांची सावलीसुद्धा नको असे लोक म्हणत, त्यांची मुले पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागली. पण गरिबाचे पोर शाळेत आले की घरची मजुरी बुडते, हे तेव्हाही होते नि आजही आहे. मुलांनी शाळा सोडू नये म्हणून बाई त्यांना विद्यावेतन देत. आईबापांना भेटून समजावून सांगत.

आता मुक्ताची गोष्ट. तिचे पूर्ण नाव मुक्ता साळवे. ती मांग समाजातली मुलगी, फुल्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेली. वय चौदा, म्हणजे आमच्यापेक्षा थोडीच मोठी. तिने एक निबंध लिहिला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. तो ‘ज्ञानोदय’ या पत्रात १८५५ साली दोन भागांत छापून आला, पहिला १५ फेब्रुवारीला आणि दुसरा १ मार्चला. गुरुजींनी तो आम्हाला वाचून दाखवला तेव्हा वर्ग अगदी चिडीचूप झाला होता.

आपण निबंध लिहितो तो ‘माझा आवडता प्राणी’ किंवा ‘पावसाळ्यातील एक दिवस’. मुक्ताने मात्र जे कोणी मोठ्याने बोलत नव्हते ते लिहिले. पेशवाईत आपल्या लोकांना तालमीसमोरून जायचीसुद्धा चोरी होती, आणि गेला तर जिवावर बेतत असे, हे तिने सांगितले. मोठ्या इमारतींच्या पायात माणसे पुरत, तेही सांगितले. आपल्या समाजातल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील, याचा विचार करायला तिने लोकांना लावले. धर्माचे ग्रंथ आम्ही पाहायचेही नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, असे तिने सरळ देवालाच विचारले! महार समाजातले लोक मांगांना खालचे समजतात, हेही तिने झाकून ठेवले नाही. शेवटी आपल्या लोकांना तिने कळवळून सांगितले, की शिका, अज्ञान टाका.

मला नवल वाटते ते असे, की एवढे सगळे लिहायला लहान मुलीला धीर कुठून आला? लिहा-वाचायला तर पुष्कळ ठिकाणी शिकवतात. पण मुलीने कडू खरे लिहिले, आणि तिच्या शाळेने तो कागद फाडला नाही, जगासमोर जाऊ दिला. शाळा चालवणाऱ्यांवर आधीच लोकांचा राग होता. अशा वेळी कुणीही म्हणाले असते, की पोरी, जरा सौम्य लिही.

आमच्या वर्गात वाडीवरून चालत येणारी मुले आहेत. त्यांतली एक माझी मैत्रीण. घरी ती ठाकरी बोलते. वर्गात विचारले तर मान खाली, पण शाळा सुटली की वाटेत तिच्या तोंडाला खळ नसतो. मागच्या पावसाळ्यात बाईंनी रानभाज्यांची नावे विचारली. आम्हा गावातल्यांची गाडी दोन-तीन नावांवर अडली. ती उठली आणि शेवळी, टाकळा, कुर्डू, भारंगी असे सांगत सुटली. बाई फळ्यावर लिहीत होत्या, फळा भरला. शेवळी नुसती शिजवली तर घसा खाजतो, त्यात काकडाची फळे घालावी लागतात, हेही तिनेच सांगितले. त्या दिवशी बाईंनी स्वतः वहीत टिपून घेतले. पुढच्या अंकात वाडीवरच्या मुलांनी आपापल्या बोलीत लिहावे असे मी गुरुजींना सांगितले, ते हो म्हणाले. ज्यांना लिहायला जड जाईल त्यांनी सांगावे, मी उतरून देईन. पालकांनीही घरी त्यांना थोडा वेळ मोकळा द्यावा, ही विनंती.

जोतीरावांनीही ही गोष्ट ओळखली होती. १८८२ साली सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर साहेबांचे कमिशन नेमले. त्यांच्यापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो आणि शेतसारा भरणाऱ्या कुणब्याची मुले कोरडी राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. शिक्षक शेतकरी वर्गातलेही असावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील आणि त्यांना काय हवे-नको ते समजून घेतील, हीसुद्धा त्यांची मागणी होती. सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदा देशात २००९ साली झाला. मधे किती वर्षे गेली ती वजाबाकी चौथीच्या मुलांनी करून पाहावी. त्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निदान पाऊण भाग पालक असावे लागतात, आणि निम्म्या जागा बायकांच्या. तेव्हा आयांनो, बैठकीला या नि मागे बसू नका.

सावित्रीबाईंनी पुढे आणखी पुष्कळ कामे केली. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी १८६३ मध्ये घर उघडले, १८७७ च्या दुष्काळात उपाशी मुलांना जेवू घातले, कविता लिहिल्या. १८९० साली जोतीराव वारले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे हातात धरून त्या पुढे चालल्या. बाईमाणसाने असे करणे तेव्हा कुणी ऐकलेही नव्हते.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. बाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर त्याने दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड नावाचा मुलगा प्लेगने पडला आहे असे कळले. बाई तिथे गेल्या. गाडीघोड्याची वाट न पाहता त्यांनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. पांडुरंग वाचला. बाईंना मात्र त्याच रोगाने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.