उपदेशाने सवय का बदलत नाही? कर्ट लेविन यांनी शोधलेलं उत्तर

साखर कमी करा, रोज चाला, भाज्या खा. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सवय बदलत नाही. असं का होतं, हे प्रयोग करून तपासणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक होते मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन.

लेविन यांचा जन्म ९ सप्टेंबर १८९० रोजी तेव्हाच्या प्रशियातल्या आणि आताच्या पोलंडमधल्या मोगिल्नो गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्याकडून लढले, जखमीही झाले. पुढे बर्लिन विद्यापीठात ते शिकवू लागले. पण १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि लेविन यांनी अमेरिका गाठली. आईला मात्र ते वाचवू शकले नाहीत. नाझींनी तिचा बळी घेतला.

अमेरिकेत ते आधी कॉर्नेल आणि १९३५ पासून आयोवा विद्यापीठात होते. दुसऱ्या महायुद्धात तिथे मांसाची टंचाई झाली. लोकांनी हृदय, गुर्दे असे पौष्टिक पण दुर्लक्षित भाग खावेत, अशी सरकारची इच्छा होती. आपल्याकडे वजडी, भेजा चवीने खाणारे पुष्कळ आहेत, पण तिथल्या अनेक गृहिणींना या भागांची किळस वाटे.

घरात काय शिजणार हे गृहिणी ठरवते, म्हणून लेविन यांनी तिच्यापासूनच सुरुवात केली. रेडक्रॉसच्या स्वयंसेविकांचे सहा गट घेतले. तीन गटांना पोषणावर चांगलं व्याख्यान दिलं, पाककृतीही वाटल्या. उरलेल्या तीन गटांत बायकांनी आपापल्या अडचणींवर चर्चा केली आणि शेवटी हे मांस करून बघायचं का, यावर सर्वांसमोर हात वर करून निर्णय घेतला. वेळ दोन्हीकडे सारखाच, सुमारे पाऊण तास.

नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी फक्त ३ टक्के बायकांनी पूर्वी कधी न केलेला प्रकार रांधला होता. निर्णय घेतलेल्या गटांत हे प्रमाण ३२ टक्के होतं.

या प्रयोगात एक त्रुटी होती. नंतर चौकशी होणार, हे चर्चेच्या गटांना आधीच सांगितलं होतं. शिवाय चर्चा, निर्णय आणि गटाची संमती यांपैकी नेमकं काय उपयोगी पडलं, हेही कळत नव्हतं. १९५५ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या एडिथ बेनेट यांनी या गोष्टी वेगवेगळ्या करून तपासल्या. नुसत्या चर्चेने फारसा फरक पडत नाही, निर्णय घेणं आणि इतरही आपल्यासोबत आहेत असं वाटणं महत्त्वाचं, असं त्यांना आढळलं.

ते पाहायला लेविन नव्हते. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचं निधन झालं होतं. पण आरोग्याची सवय लावायची तर माहिती देऊन थांबता येत नाही, माणसाला स्वतः ठरवू द्यावं लागतं, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडून ठेवलं होतं.